मधुमेह आणि डोळ्याचा पडदा: जोखीम मोजण्यापासून तपासणीपर्यंत, टप्प्याटप्प्याने

मधुमेह असलेल्या माणसाला ‘डोळे तपासलेत का?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा ‘हो’ असंच येतं. ‘थेंब घालून पडदा पाहिला का?’ असं विचारलं, की मग चष्म्याचा नंबर काढल्याचं, शिबिरात मोतीबिंदू बघितल्याचं, नाहीतर ‘मला सगळं स्वच्छ दिसतंय’ असं सांगितलं जातं. या तिन्हींतलं काहीही पडदा तपासणी नव्हे.

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यांना फुगवटे येतात, त्यांतून पाणी, चरबी आणि रक्त झिरपतं, काही वाहिन्या बंद पडतात. रक्त न पोहोचलेला पडदा मग नव्या वाहिन्या वाढवू लागतो. पण त्या ठिसूळ असतात, फुटतात आणि डोळ्यात रक्त पसरतं. यातलं बरंचसं नजर शाबूत असतानाच घडून जातं, कारण वाचायला, चेहरे ओळखायला लागणारा पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, तोवर वाचलेला असू शकतो. नजर चांगली आहे म्हणून पडदा चांगला आहे, असं धरून चालता येत नाही.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. आधी घरी जोखमीचा हिशेब, मग रक्तदाब आणि रक्त-लघवीचे रिपोर्ट, आणि मग डोळ्यांचे डॉक्टर. बरेच जण उलटं करतात: हात हलवत डोळ्यांच्या दवाखान्यात जातात. डॉक्टरांना पडदा दिसतो, पण बारा वर्षांची साखर, मूत्रपिंडाची अवस्था, नुकतंच बदललेलं औषध यातलं काहीच कळत नाही. पुढच्या तपासणीची तारीख अर्ध्या माहितीवर ठरते.

## टप्पा १: जोखमीचा कागद भरा

एक कोरा कागद घ्या आणि जुनी फाइल समोर ठेवा. आठवणीवर विसंबू नका. हा टप्पा कंटाळवाणा वाटेल, पण डोळ्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त उपयोगी काम इथेच होतं.

मधुमेह कळला ते वर्ष. ‘दहाएक वर्षं झाली’ असं नको, वर्ष लिहा. पडद्याच्या आजाराचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मधुमेहाचा काळ. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा मधुमेहात, वीस वर्षांनंतर जवळपास सगळ्यांच्या पडद्यावर काही ना काही खुणा दिसतात. टाइप २ मध्ये, म्हणजे मोठ्या वयात बहुतेकांना होणाऱ्या मधुमेहात, तेवढ्या काळात निम्म्याहून अधिक जणांच्या. टाइप २ चा आणखी एक पेच आहे. तो कळण्याआधी काही वर्षं शरीरात असतोच. जखम चिघळली म्हणून किंवा ऑपरेशनआधी रक्त तपासलं म्हणून अचानक साखर सापडली असेल, तर तो मधुमेह कितीतरी जुना असू शकतो. तसं असेल तर कागदावर ‘अचानक सापडला’ असं लिहा.

तीन महिन्यांची साखर. मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी म्हणजे एचबीएवनसी. तिचे मागच्या दोन-तीन वर्षांतले सगळे आकडे तारखेसह मांडा. फक्त शेवटचा आकडा पुरत नाही. सहा वर्षं ९.५ असलेली आणि गेल्या तीन महिन्यांत ७ वर आलेली साखर, आणि सहा वर्षं ७ वरच राहिलेली साखर, यांत पडद्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. उपाशीपोटीच्या साखरेवर समाधान मानणं ही नेहमीची चूक. तपासणीआधी चार दिवस गोड आणि भात बंद केला की तो आकडा सुंदर येतो. एचबीएवनसी असा फसत नाही.

मात्र तोही काही जणांत चुकतो. रक्तक्षय असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर एचबीएवनसीचा आकडा खरा धरता येत नाही. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेल बराच आढळतो. तिथल्या मधुमेहींनी हा मुद्दा डॉक्टरांना स्वतःहून सांगावा. अशांना घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी जास्त कामाला येतात.

रक्तदाब. साखरेइतकंच लक्ष इथे द्यायला हवं, आणि नेमकं तेच दिलं जात नाही. यूकेपीडीएस या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात एका गटाचा सरासरी रक्तदाब १५४/८७ राहिला, दुसऱ्याचा औषधांनी १४४/८२ पर्यंत खाली ठेवला. फरक फक्त दहा पॉइंटचा. पण दुसऱ्या गटात पडद्याचा आजार वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला. ‘थोडासाच जास्त आहे’ म्हणून गोळी चुकवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मूत्रपिंड. पडद्यावरच्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या एकाच कारणाने बिघडतात, आणि बऱ्याचदा बरोबरीने बिघडतात. लघवीतून प्रथिनं जात असतील तर डोळ्यांची जोखीम वाढलेली समजा. लघवीच्या साध्या रिपोर्टमध्ये ‘प्रथिनं नाहीत’ असं असलं तरी सुरुवातीची गळती त्यात सुटू शकते. त्यासाठी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढणारी वेगळी तपासणी असते. लॅबमध्ये तिला यूएसीआर म्हणतात. ती वर्षातून एकदा हवी. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन लिहा, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं.

हिमोग्लोबिन आणि रक्तातली चरबी. रक्तक्षयात पडद्याला आधीच कमी मिळणारा प्राणवायू आणखी कमी मिळतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांत हे विशेष दिसतं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचे आकडेही लिहा. पडद्यावर साचणारे पिवळे चरबीचे ठिपके चरबी जास्त असलेल्यांत अधिक आढळतात. फेनोफायब्रेट या गोळीने काही रुग्णांत पडद्याचा आजार मंदावल्याचं दिसलं आहे. ती तुम्हाला लागू आहे का, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा. मनाने सुरू करू नका.

गर्भारपण. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीचा पडदा गर्भारपणात झपाट्याने बिघडू शकतो. मूल हवं असा विचार सुरू असेल तरी तो या कागदावर लिहा.

तंबाखू. सिगारेट, विडी, गुटखा, आणि मिश्री. मिश्री लावणाऱ्या बहुतेक जणी तिला तंबाखूत धरत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम तिचं नाव घेतलं.

औषधं. सगळ्या गोळ्यांची आणि इन्सुलिनची नावं उतरवा. दोन गोष्टींवर खूण करा. पायोग्लिटाझोन ही गोळी अंगात पाणी साठवते आणि काहींत मॅक्युलाची सूज वाढवू शकते. दुसरं, गेल्या सहा महिन्यांत इन्सुलिन किंवा सेमाग्लुटाइडसारखं साखर कमी करणारं जोरदार औषध सुरू झालं असेल तर त्याची तारीख लिहा. कारण टप्पा २ मध्ये आहे.

डोळ्यांचा इतिहास. मोतीबिंदूचं ऑपरेशन, आधीचं लेझर, डोळ्यातली इंजेक्शनं, घरात कुणाला काचबिंदू, भावंडांपैकी कुणाची मधुमेहाने गेलेली नजर.

> तपासून पाहा: कागदावर मधुमेहाचं वर्ष, एचबीएवनसी, रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन हे सहा आकडे आहेत का? जो नसेल ती तपासणी आधी करून घ्या. मात्र नजरेत बदल जाणवत असेल तर रिपोर्टसाठी थांबू नका, थेट टप्पा ८ वाचा.

## टप्पा २: तुमची तपासणी कधी, हे ठरवा

टाइप २ असेल तर मधुमेह कळला की लगेच, त्याच महिन्यात. ‘आत्ता कुठे सापडलाय, डोळ्यांना वेळ आहे’ हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. गोवा असो की महाराष्ट्र, शिबिरात बोटाला टोचून साखर सापडते आणि गोळ्या सुरू होतात. पडद्याकडे मात्र कुणी वळत नाही.

टाइप १ असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी. त्यानंतर दोन्ही प्रकारांत वर्षातून एकदा. हे पडदा निर्मळ असलेल्यांसाठी आहे. काही सापडलं तर अंतर कमी होतं.

वार्षिक तारखेची वाट न बघता जायचे प्रसंग असे:

- मधुमेह असताना गर्भधारणा ठरवण्याआधी, दिवस राहिल्यावर पहिल्या तिमाहीत, मग डॉक्टर सांगतील तसं दर तिमाहीत, आणि बाळंतपणानंतर वर्षभर नजर ठेवून. साखर फक्त गर्भारपणातच वाढली असेल तर एरवी एवढं लागत नाही. पण पहिल्या महिन्यांतच ती फार जास्त सापडली, तर मधुमेह आधीचाच असू शकतो. तेव्हा विचारून घ्या.
- मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी. ऑपरेशननंतर मॅक्युलाची सूज वाढू शकते. पडद्याला आधीच सूज असेल तर शक्यतो ती आधी हाताळावी लागते. ‘मोतीबिंदू काढला, तरी दिसत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा न तपासलेला पडदा असतो.
- साखर खूप वाढलेली असताना इन्सुलिन किंवा सेमाग्लुटाइड सुरू करण्याआधी.

> सावधान: बरीच वर्षं वाढलेली साखर थोड्या महिन्यांत झपकन खाली आली, तर पडद्याचा आधीपासून असलेला आजार काही काळ वाढू शकतो. याचा अर्थ साखर कमी करू नये असा मुळीच नाही. पुढच्या वर्षांत फायदा साखर ताब्यात आल्याचाच होतो. टाइप १ च्या रुग्णांवरच्या डीसीसीटी या अभ्यासात ज्यांचा पडदा निर्मळ होता त्यांच्यात कडक नियंत्रणाने आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. अर्थ एवढाच, की मोठा बदल करण्याआधी पडदा बघून घ्या आणि पुढचे काही महिने लवकर लवकर बघत राहा.

## टप्पा ३: कुठे जायचं

चष्म्याच्या दुकानात नंबर निघतो, पडदा तपासला जात नाही. दुकानदाराची यात चूक नाही, ते त्याचं कामच नाही. तुम्हाला नेत्ररोगतज्ज्ञ हवेत. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग असतो. गावाकडे असाल तर आधी ग्रामीण रुग्णालयात विचारा. तिथून कुठे पाठवतात आणि कोणत्या वारी, हे फोन करून आधीच कळून घ्या. एसटीने दोन तास जाऊन ‘आज पडद्याचे डॉक्टर नाहीत’ ऐकावं लागलं, की माणूस पुन्हा जात नाही.

फोनवर एकच प्रश्न विचारा: ‘मधुमेहासाठी थेंब घालून पडदा तपासायचाय, होईल का?’ नुसतं ‘डोळे तपासायचेत’ म्हणालात तर नंबर काढून परत पाठवतील.

काही ठिकाणी मधुमेहाच्या दवाखान्यातच कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात. पहिली चाळणी म्हणून हा मार्ग चांगला आहे, आणि थेंब न घालताही काम होऊ शकतं. पण फोटोने सूज नेमकी मोजता येत नाही आणि पडद्याच्या अगदी कडेचा भाग सुटतो. आणखी एक गोष्ट बारकाईने वाचा. मोतीबिंदू किंवा बारीक बाहुली यामुळे फोटो धूसर आला तर रिपोर्टवर तो वाचता येत नसल्याचं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘काही सापडलं नाही’ असा नाही. तपासणी झालीच नाही, असा आहे.

## टप्पा ४: त्या दिवसाची तयारी

उपाशी जाऊ नका. साखर तपासायला जातो त्या सवयीने अनेक जण सकाळपासून काही न खाता येतात, गोळी मात्र घेतलेली असते, आणि थेंब घालून बाकावर बसल्या बसल्या घाम फुटायला लागतो. नाश्ता, मधुमेहाचं औषध, रक्तदाबाची गोळी, सगळं रोजच्यासारखं. पिशवीत बिस्किटं आणि साखर किंवा ग्लुकोज ठेवा. दोन-तीन तास धरून चला.

स्वतः गाडी चालवत जाऊ नका, दुचाकीही नको. थेंबांनी बाहुली मोठी झाली की चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. बरोबर कुणीतरी असावं. नाहीतर रिक्षा, बस. गॉगल किंवा टोपी न्या. त्या दुपारी बँकेत सही करायची, तिखट-मिठाचा हिशेब लिहायचा, सुई ओवायची अशी कामं ठेवू नका. इन्सुलिन स्वतः भरून घेत असाल तर सिरिंजवरच्या रेघा संध्याकाळपर्यंत नीट दिसणार नाहीत. दुपारच्या जेवणाआधीचं इन्सुलिन घरातल्या कुणाकडून बघून घ्या. हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

न्यायच्या वस्तू: जोखमीचा कागद, जुने डोळ्यांचे रिपोर्ट आणि फोटो, वापरातला चष्मा, औषधांची पाकिटं.

आणि थेंब घालायच्या आधीच सांगायच्या गोष्टी: काचबिंदू आहे किंवा डोळ्याचा कोन अरुंद असल्याचं पूर्वी कुणी सांगितलं होतं, रक्तदाब फार वाढलेला आहे, नुकताच हृदयविकाराचा झटका आला होता, गरोदर आहे, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे. यावरून थेंब बदलतात.

> सावधान: साखर सध्या वरखाली होत असेल तर त्याच दिवशी नवा चष्मा करायला टाकू नका. साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरतं आणि नंबर बदलतो. साखर स्थिरावली की तो पुन्हा बदलतो आणि नवा चष्मा कपाटात जातो. साखर काही आठवडे एकसारखी राहू द्या, मग नंबर काढा. पडदा तपासणी मात्र यासाठी पुढे ढकलू नका, तिला साखर स्थिर असण्याची गरज नसते.

## टप्पा ५: तपासणीचा क्रम आणि कुठे थांबवून विचारायचं

१. आधी नजर मोजतात, एकेक डोळा झाकून, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर. आकडा ६/६, ६/९, ६/६० असा येतो. नेहमीचा चष्मा घालूनच वाचा. अंदाजाने अक्षरं सांगू नका. हा परीक्षेचा पेपर नाही, आणि खोटा चांगला आकडा पुढच्या वर्षीची तुलना बिघडवतो.

२. मग डोळ्याचा दाब, आणि यंत्रावर हनुवटी टेकवून बाहुली, बुबुळ आणि भिंग बघतात. हे थेंब घालण्याआधीच व्हायला हवं. बुबुळावर उगवलेल्या नव्या वाहिन्या बाहुली मोठी झाल्यावर दिसेनाशा होऊ शकतात.

३. थेंब. थोडी जळजळ होते. वीस-तीस मिनिटं लागतात; मधुमेह जुना असेल तर बाहुली हट्टाने बारीक राहते आणि पुन्हा थेंब घालावे लागतात. घाई करू नका.

४. पडदा तपासणी. डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून, तुम्हाला वर, खाली, दोन्ही बाजूंना बघायला सांगतात. उजेड टोचतो, पण ज्या बाजूला सांगतील तिकडे नजर धरून ठेवा. कडेचा पडदा तेव्हाच दिसतो.

५. गरज वाटली तर ओसीटी. हा पडद्याच्या थरांचा स्कॅन. यात सूज मायक्रॉनमध्ये मोजली जाते. टोचत नाही, दुखत नाही. क्वचित अँजिओग्राफी सांगतात: हाताच्या शिरेत पिवळं रंगद्रव्य टोचून पडद्याचे फोटो. त्यानंतर एखादा दिवस लघवी गडद पिवळी होते, कातडीही पिवळसर दिसते. ही कावीळ नव्हे. मळमळ होऊ शकते. आधी कुठल्या इंजेक्शनची रिॲक्शन आली असेल किंवा दिवस गेलेले असतील तर टोचण्याआधी सांगा.

थेंब न घालता, फोटो न काढता ‘सगळं छान आहे’ असं सांगितलं गेलं तर शांतपणे विचारा: ‘डॉक्टर, पडदा पूर्ण बघितला का? थेंब घालावे लागतील का?’ हे विचारणं उद्धटपणा नाही. आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारायला लोक फार कचरतात, आणि पडद्याच्या बाबतीत तो संकोच नजरेवर बेततो.

## टप्पा ६: रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय उठू नका

‘ठीक आहे, या पुढच्या वर्षी’ हे तोंडी ऐकून घरी येऊ नका. केसपेपरवर चार गोष्टी लिहून हव्यात: दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी, दोन्ही पडद्यांची अवस्था वेगवेगळी, मॅक्युलाला सूज आहे की नाही, आणि पुढची तारीख.

अवस्था अशा लिहिलेल्या असतात. एनपीडीआर म्हणजे नव्या वाहिन्या न फुटलेला पडद्याचा आजार; त्याचे सौम्य, मध्यम आणि तीव्र असे भाग. पीडीआर म्हणजे नव्या ठिसूळ वाहिन्या उगवलेल्या आहेत. डीएमई म्हणजे मॅक्युलाची सूज. ही सौम्य आजारातही असू शकते, आणि वाचायची नजर जाण्याचं मोठं कारण हीच आहे. म्हणून ‘सौम्य’ हा शब्द वाचून निश्चिंत होण्याआधी सुजेचा रकाना बघा.

पुढच्या भेटीचं अंतर साधारण असं ठरतं: सौम्य असेल तर सहा ते बारा महिने, मध्यम असेल तर तीन ते सहा महिने, तीव्र असेल तर तीन महिन्यांच्या आत, पीडीआर किंवा मॅक्युलाच्या मध्यभागी सूज असेल तर महिन्याच्या आत पडद्याच्या तज्ज्ञांकडे. तुमचा जोखमीचा कागद वाईट असेल, म्हणजे एचबीएवनसी ९ च्या वर, लघवीतून प्रथिनं, रक्तदाब वाढलेला, तर डॉक्टर याहूनही लवकर बोलावतील. तारीख त्यांनी स्वतः सांगितली नाही तर कागद पुढे करून मागून घ्या.

या रिपोर्टची एक प्रत मधुमेहाच्या डॉक्टरांना द्या. साखर बघणारे आणि डोळे बघणारे एकमेकांशी बोलत नाहीत, ही आपल्या व्यवस्थेतली खरी फट आहे, आणि सध्या तरी ती रुग्णाच्या पिशवीतल्या कागदानेच भरते.

> तपासून पाहा: डावा आणि उजवा डोळा वेगळे लिहिलेत का? पुढची तारीख आहे का? ती घरातल्या कॅलेंडरवर आणि मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये गेली का?

## टप्पा ७: उपचार सांगितले तर

सौम्य आणि मध्यम अवस्थेत, सूज नसेल तर, सहसा डोळ्याला काही करत नाहीत. साखर, रक्तदाब, चरबी यांच्यावरच जोर असतो. ‘डोळ्यात घालायला काही दिलंच नाही’ म्हणून लोक दुसरीकडे जातात आणि थेंबांच्या बाटल्या घेऊन येतात. मधुमेहाचा बिघडलेला पडदा कुठल्याही थेंबाने बरा होत नाही. मध, तूप, गुलाबपाणी घालून तर पडद्यापर्यंत काही पोहोचत नाहीच, उलट डोळ्याला संसर्ग व्हायची भीती.

मॅक्युलाच्या सुजेसाठी डोळ्याच्या आत इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर करून काही क्षणांत ते होतं. अडचण वेगळीच आहे. ही इंजेक्शनं एका वेळी संपत नाहीत. सुरुवातीला सहसा महिन्याच्या अंतराने काही द्यावी लागतात, मग ओसीटी बघून पुढे. पहिल्या-दुसऱ्या इंजेक्शननंतर बरं दिसायला लागलं की माणूस येणं थांबवतो आणि सूज परत भरते. सुरू करण्याआधीच विचारा: अंदाजे किती लागतील, एकूण खर्च किती, स्वस्त पर्याय आहे का, सरकारी योजनेत बसतं का. आणि गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर सांगा.

नव्या वाहिन्यांसाठी लेझर. इथे एक गैरसमज मोडायलाच हवा. लेझरचा उद्देश गेलेली नजर आणणं नाही, असलेली टिकवणं आहे. त्यानंतर रात्रीचं आणि कडेचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. हे आधी माहीत नसलं की ‘लेझरने डोळा बिघडवला’ असं गावभर होतं आणि शेजारीपाजारी घाबरून जातच नाहीत.

> सावधान: इंजेक्शननंतरच्या काही दिवसांत डोळा दुखायला लागला, लालसर झाला किंवा नजर कमी वाटली तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी परत जा. डोळ्याच्या आतल्या संसर्गात तासांनी फरक पडतो.

नव्या वाहिन्या असताना जड वजन उचलणं, दम कोंडून जोर लावणं, शीर्षासन किंवा सर्वांगासन नको. चालणं चालू ठेवा.

## टप्पा ८: दोन तपासण्यांच्या मधले महिने

आठवड्यातून एकदा, चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचा. मग दुसरा डोळा झाकून तेच. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो, आणि एका डोळ्याची नजर गेलेली महिनोन् महिने कळत नाही. मग चौकटीच्या वहीच्या पानाकडे तसंच बघा. रेषा वाकड्या दिसल्या, मधेच पुसल्यासारख्या वाटल्या तर मॅक्युलात काहीतरी चाललंय. ही घरची खूणगाठ आहे. हिच्यावर भागवून वार्षिक तपासणी टाळायची नाही.

लगेच, म्हणजे त्याच दिवशी, जायची लक्षणं: डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, जाळं किंवा धूर; विजा चमकल्यासारखं; एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखं; एका डोळ्याची नजर एकदम कमी; डोळा दुखून डोकं दुखणं आणि उलट्या; अचानक एकाच्या दोन वस्तू दिसणं. शेवटच्या लक्षणात डोळे हलवणारी नस बिघडलेली असू शकते. मधुमेहात ती बिघडते, पण त्यामागे मेंदूचं कारणही असू शकतं, म्हणून तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यापेक्षा मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.

डोळ्यात रक्त उतरल्याची शंका असेल तर जाईपर्यंत डोकं उशांवर उंच ठेवून झोपा, वाकू नका, जोर लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. ॲस्पिरिनने मधुमेही डोळ्यातला रक्तस्राव वाढत नाही, आणि ती तोडल्याने हृदयाला मात्र धोका होऊ शकतो.

दवाखान्यात फोन करताना ‘डोळा दुखतोय’ एवढंच म्हणाल तर चार दिवसांनंतरची वेळ मिळेल. असं सांगा: ‘मधुमेह आहे, इतकी वर्षं झाली, अमुक डोळ्याची नजर आज सकाळपासून एकदम कमी झाली आहे, शेवटचा पडदा अमुक महिन्यात बघितला होता.’ आणि निघताना तो जोखमीचा कागद बरोबर घ्या.